‘कशाला?’वाल्यांशी भांडण

मराठीतला सर्वांत आळशी शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी ‘कशाला?’ हा शब्द सांगेन. छत्रीची मोडलेली काडी बसवून आणतो म्हटलं की, कशाला? चपलेचा अंगठा शिवून घेतो म्हटलं की, कशाला? या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण तो प्रश्न नसतोच. तो निकाल असतो. प्रश्नचिन्ह आपलं शोभेला.

जन्मभर मी हा शब्द निमूट ऐकून घेतला. पण गेल्या उन्हाळ्यात तो मला जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात ऐकावा लागला, तोही शुद्ध मराठीतून. तेव्हा मात्र माझा तोल सुटला.

माझा भाचा तिथे नोकरीला आहे आणि बायकोही तिथलीच केली आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही शहरं १९६८ सालापासून एकमेकींच्या बहिणी आहेत. त्या नात्यात त्याने आपल्या परीने भर घातली. तर या भाच्याचे सासरे, म्हणजे लांबून का होईना माझे व्याहीच, वय वर्षं ऐंशीच्या घरात, यांच्याकडे एक गाडी आहे. मर्सिडीजची २३० एसएल, १९६५ सालची. दोघांनी बसायची, टप काढून ठेवायची, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. हे मॉडेल १९६३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आलं. हिचा कडक टप मधोमध किंचित खोलगट असतो, म्हणून हिला लाडाने ‘पॅगोडा’ म्हणतात. व्याही ही गाडी पोळ्याच्या सकाळी बैल धुवावा तशी धुतात. झूल घालायची तेवढी बाकी ठेवतात.

सगळं झकास होतं. फक्त डॅशबोर्डवरचं घड्याळ साडेअकराला थांबलेलं. हिवाळाभर गाडी गॅरेजमध्ये उभी होती आणि वसंतात बाहेर काढली तेव्हापासून साडेअकराच. मी म्हटलं, “उघडून बघू या की.” आणि भाचा म्हणाला,

“कशाला, मामा?”

वर त्याने तीन कारणं दिली. एक, वेळ फोनमध्ये दिसते. दोन, दुरुस्त करून ते कितीसं चालणार? तीन, गावातला एक दुकानदार आतली जुनी यंत्रणा काढून टाकतो आणि त्याच तबकडीमागे क्वार्ट्झची नवी बसवून देतो. “बाहेरून कळणारसुद्धा नाही!”

आता एकेक घेऊ.

वेळ फोनमध्ये दिसते, हे कबूल. पण मग भाजी आणायला ट्रामसुद्धा जाते, तरी ही गाडी कशाला? पाऊस आला की धावपळ करून लावावा लागणारा तो टप कशाला? ‘कशाला’ची गंमत अशी की, तो एकदा घरात शिरला की घड्याळापाशी थांबत नाही. तो पुढे गाडीपाशी जातो आणि शेवटी गाडीच्या मालकापाशी. ऐंशीच्या घरातल्या माणसासमोर हा शब्द जपून वापरावा. मी स्वतः चौऱ्याहत्तरचा असल्यामुळे हा मुद्दा मला जरा जास्तच पटलेला आहे.

दुसरं कारण तात्पुरतं बाजूला ठेवू. तिसऱ्याचा मात्र मला खरा राग आला. ‘बाहेरून कळणारसुद्धा नाही’ हे वाक्य आपल्याकडे दुधात पाणी घालणारे आणि मिशांना कलप लावणारे म्हणतात. क्वार्ट्झशी माझं वैर नाही. माझ्या मनगटावर तेच आहे आणि ते वेळ उत्तम दाखवतं. पण वर आजोबांचा चेहरा आणि आत बॅटरीवरचा नातू, याला दुरुस्ती म्हणायचं? तिकडे गाडी तीस वर्षांच्या पुढची असेल आणि मूळ रूपात जपली असेल, तर नंबरपाटीच्या शेवटी मानाचं ‘एच’ अक्षर मिळतं. ‘हिस्टॉरिक’मधलं एच. सरकार ज्या मूळपणाला अक्षर देतं, त्याच्या आत आपण गुपचूप पोकळी करायची, ही कुठली रीत?

मोटारीतलं घड्याळ ही एके काळी ऐटीची वस्तू होती, महाराज! १९५८ साली डेव्हिड ओगिल्व्ही नावाच्या जाहिरातवाल्याने रोल्स-रॉइसची जाहिरात लिहिली. साठ मैलांच्या वेगाला या गाडीतला सर्वांत मोठा आवाज म्हणजे तिच्या विजेच्या घड्याळाचा, असा तिचा मथळा होता. एवढ्या एका मथळ्याने तो माणूस अमर झाला. आमच्या एस.टी.त हा प्रयोग करायचा तर आधी खिडक्या काढाव्या लागतील.

असो. भाचा कामावर गेल्यावर व्याही आणि मी गॅरेजमध्ये शिरलो. आमची समाईक भाषा म्हणजे ‘या’ आणि ‘नाइन’. संसाराला पुरते तेवढी घड्याळाला पुरणार नाही असं वाटलं होतं, पण पुरली. माझं शिक्षण म्हणाल तर कॉमर्सचं. मात्र लहानपणी शाळेच्या वाटेवरच्या घड्याळजीच्या टपरीपुढे मी इतके तास उभा राहिलेलो आहे की, तेवढे वर्गात बसलो असतो तर सी.ए. झालो असतो.

आधी बॅटरीची तार सोडवली. मग व्याही डॅशबोर्डाखाली उताणे झाले. ऐंशीच्या घरातला माणूस स्पोर्ट्स कारमध्ये उताणा होतो, हे सोपं आहे. परत उभा होतो, हे कौशल्याचं. घड्याळ बाहेर आलं. कीन्त्सले कंपनीचं. तिचा कारखाना श्वेनिंगेन गावी होता, ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला, तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर. म्हणजे घड्याळ तसं पंचक्रोशीतलंच.

‘विजेचं घड्याळ’ म्हणून ज्याला म्हणतात ते मुळात चावीचंच असतं, हे मला त्या दिवशी कळलं. आत छोटी स्प्रिंग, चक्रं, डुलणारं बॅलन्स व्हील, सगळं आजोबांच्या घड्याळासारखं. वीज फक्त चावी देते. स्प्रिंग उलगडत आली की दोन संपर्कबिंदू एकमेकांना टेकतात, कॉइलमध्ये वीज जाते, ती एका लोखंडी तुकड्याला ‘टक्’ करून हिसका देते, स्प्रिंग पुन्हा ताणली जाते आणि संपर्क तुटतो. दर दोन-तीन मिनिटांनी एकदा ‘टक्’.

आता बॅटरी अशक्त झाली, किंवा आतलं तेल सुकून घट्ट झालं, तर काय होतं? बिंदू टेकतात, पण हिसका बसत नाही. संपर्क सुटत नाही, वीज वाहत राहते आणि कॉइल तापत जाते. ती जळली की संपलं! पण तिच्या वाटेवर एक बारीकशी पट्टी ताणून डाख दिलेली असते, आणि तो डाख मुद्दाम कमी उष्णतेला वितळणारा असतो. कॉइल जळण्याआधी डाख वितळतो, पट्टी उडते, वीज बंद. आमच्या घड्याळात नेमकं हेच झालं होतं. दोष घडवणाऱ्याचा नव्हता. हिवाळाभर बॅटरीकडे न बघणाऱ्याचा होता.

म्हणजे बघा, ते घड्याळ मेलेलं नव्हतंच. स्वतःला वाचवण्यासाठी ते थांबलं होतं आणि कुणीतरी येईल म्हणून वाट बघत होतं! साठ वर्षांपूर्वी तो सांधा जोडणाऱ्या कारागिराने मनाशी धरलं होतं की, पुढे कधीतरी कुणीतरी हे उघडेल, त्याला यातलं कळेल आणि तो पुन्हा डाख देईल. त्या अनोळखी माणसावर त्याने भरवसा ठेवला होता. आणि आपण काय करतो? तो सांधा न बघताच सगळी यंत्रणा केराच्या टोपलीत टाकतो, आणि त्याला ‘सोय’ म्हणतो. माझं भांडण आहे ते या बेइमानीशी. हल्लीचे फोन डिंकाने चिकटवून बंद करतात. ते बनवणाराच आपल्याला बजावत असतो की, तू उघडू नकोस, तुला काय कळतंय! युरोपीय संघाला २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करावा लागला. जे आमचा घड्याळजी टपरीत बसून करत होता, त्याला आता कायदा लागतो!

तेल सुकलं होतं म्हणून मी सवयीने खोबरेल सुचवलं. व्याही ‘नाइन’ म्हणाले. घड्याळाचं खास तेल त्यांनी सुईच्या टोकाने थेंब थेंब सोडलं. संपर्कबिंदू हलकेच पुसले. मग मी नेहमीचा डाख उचलला. चांगला जाडजूड सांधा करावा, पुन्हा म्हणून सुटायला नको. व्याह्यांनी माझं मनगटच धरलं. “नाइन, नाइन, नाइन!” त्यांनी दुसरी, लवकर वितळणारी तार पुढे केली, कॉइलकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हातांनी आगीच्या ज्वाळा करून दाखवल्या. सांधा फार पक्का केला तर पुढच्या वेळी तो सुटणार नाही, कॉइलच जळेल.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात जे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, ते त्या गॅरेजमध्ये समजलं. घरात एकाने तरी लवकर वितळणारं असावं लागतं.

बॅटरीची तार जोडली. ‘टक्.’ आम्ही दोघं श्वास धरून बसलो. दोन मिनिटांनी पुन्हा ‘टक्.’ व्याह्यांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की माझंही तेल सुकलेलं नाही याची खात्री झाली.

संध्याकाळी भाचा आला. चार दिवस त्याने पाळत ठेवली आणि म्हणाला, “मामा, रोज चार मिनिटं मागे पडतंय.” हे त्याच्या दुसऱ्या कारणाचं उत्तर. पडू दे की! त्या चार मिनिटांसाठी व्याही रोज सकाळी गॅरेजमध्ये जातात, काटा पुढे करतात आणि बॅटरीकडेही बघतात. घड्याळ त्यांची काळजी घेतं की ते घड्याळाची, हे तिसऱ्या माणसाने ठरवू नये.

पुण्याला परतल्यावर मी माळ्यावरचं वडिलांचं टेबलघड्याळ खाली काढलं आणि पेचकस शोधू लागलो. स्वयंपाकघरातून आवाज आला, “कशाला?”

वरचे सगळे मुद्दे माझ्याजवळ तयार होते. पण मी वितळलो. घड्याळ मात्र उघडलं.