उतरण नको, पावती पाहिजे

वस्तीतल्या पोरानं अभ्यासाला लॅपटॉप मागितला तर सगळे माना डोलावतात. गेम खेळायला मागितला की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. पांढरपेशा म्हणतो, ह्यांना सवलती पायजेत, वर हे चाळे पण पायजेत. आपली वडीलधारी म्हणतात, बाबासाहेबांनी शिका सांगितलं, खेळा नाय सांगितलं.

मी म्हणतो, खेळ कोणाची जहागीर होती ते आधी बघा. पालवणकर बाळूंनी १९११ साली इंग्लंडात शंभरावर बळी घेतले. पुण्यात त्यांना चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात. हिंदू संघाचं कप्तानपद शेवटपर्यंत दिलं नाही, कारण जात चांभार. ज्यांनी मैदानावर पहारा ठेवला त्यांनीच आता आमच्या पोरांना खेळाचे तोटे सांगायचे? दिवसभर पार्सलं वाहून आलेल्या पोरानं रात्री तासभर आपल्या मर्जीनं जगावं, ह्यात कोणाच्या बापाचं काय जातं?

तर खेळायचं ठरलं. नवा परवडत नाही म्हणजे जुना. आणि 'जुना' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलंय, शूद्राला उष्टं अन्न द्या, जुनी वस्त्रं द्या, जुनं सामान द्या. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ते पुस्तक जळलं, पण दुकानदाराच्या डोळ्यात अजून धुमसतंय. म्हणून भावांनो, फरक समजून घ्या. हात पसरून, न बघता घेतली ती उतरण. उलटसुलट करून, भाव पाडून, पावती फाडून घेतला तो सौदा.

धाकट्यासाठी १८ हजार गाठीला बांधून मी लॅमिंग्टन रोडला गेलो. पहिलाच दुकानदार म्हणाला, "आय-सेव्हन आहे, डोळे झाकून घे." उघडून बघितलं तर चौथ्या पिढीचा, दोनच कोरचा. त्याच्यापुढं २०१७ नंतरचा आठव्या पिढीचा आय-फाईव्ह चार कोरचा आणि जास्त कामाचा. आय-सेव्हनचा स्टिकर म्हणजे वरची जात! नाव मोठं, कामाला उभा केला की धाप लागते.

आधी ठरवा खेळायचं काय. काउंटर-स्ट्राइक १.६, सॅन अँड्रियास, व्हॅलोरंट हे आतल्या साध्या ग्राफिक्सवर चालतात. कंपन्यांनी काढून टाकलेला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड त्याला पुरतो. सायबरपंकसारखा अवजड गेम पायजे तर जीटीएक्स १६५० सारखं वेगळं ग्राफिक्स लागतं, आणि ते आमच्या १८ हजारांत बसत नव्हतं. रॅम आणि एसएसडी बहुतेक मशिनांत मागाहून बदलता येतात. ग्राफिक्स बोर्डालाच चिकटलेलं असतं, मागाहून बसत नाही. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच वाटा उचलतं, म्हणून ८ जीबीची एक पट्टी असण्यापेक्षा ४-४ च्या दोन बऱ्या. गेम लगेच हलका पळतो.

विंडोज १० ची मोफत राखण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. त्याच्या आधीचा माल आता दुकानदार आपल्या गळ्यात मारणार, सावध राहा. त्यावर लिनक्स घालून बाकी कामं होतील, पण व्हॅलोरंट तिथं चालत नाही.

गोदीत आम्ही माल उचलण्याआधी त्याला पोचा कुठं पडलाय ते बघतो. तसंच इथं करा. दुकानातच अर्धा तास गेम चालवा. पंखा बोंबलतो का, मशीन तापून गेम अडखळतो का, बघा. बिजागऱ्या हलवून बघा. पडदा पूर्ण पांढरा करून डाग शोधा. बॅटरीचा रिपोर्ट काढा, नवी असताना किती धरायची आणि आता किती धरते, दोन्ही आकडे त्यात असतात. तळ फुगलेला असेल तर बॅटरी फुगलीय, हात लावू नका. बायोसला जुन्या मालकाचा पासवर्ड आहे का तपासा. आमच्या गल्लीतल्या एका पोराचं मशीन त्याच्यापायी घरात दगडासारखं पडलंय.

आणि शेवटी पावती. त्या पहिल्या दुकानदाराला मी म्हणालो, सिरीयल नंबर टाकून बिल दे. तो हसला. "एवढ्याशा मालाला बिल? कुठं राहतोस तू?" मी उठलो. कारण माल चोरीचा निघाला तर पोलीस त्याच्या दुकानात नाय जाणार आधी, आमच्या झोपडीत येणार. आडनाव वाचणार आणि गुन्हा तिथंच सिद्ध. साहेबाच्या पोराला पावती म्हणजे वॉरंटीचा कागद. आमच्या पोराला ती जामिनासारखी.

तिसऱ्या दुकानात बिल मिळालं. आठव्या पिढीचा आय-फाईव्ह, दोन पट्ट्या, साडेसतरा हजार. धाकटा आता पाळीवरून आला की खेळतो, आई कुरकुरते. बिल मात्र तिनंच ट्रंकेत, जातीच्या दाखल्याशेजारी नीट ठेवलंय.

वाकून घेऊ नका. उलटून बघून घ्या.

जय भीम!