कातरलेले चायनाटाउन

न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा उभा राहायला अजून पाच वर्षे होती, तेव्हाच सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘द वास्प’ या साप्ताहिकाने ‘आपल्या बंदरासाठी’ म्हणून एक पुतळा छापून टाकला. तारीख ११ नोव्हेंबर १८८१. जॉर्ज फ्रेडरिक केलर या चित्रकाराने देवीच्या जागी चिनी माणूस उभा केला होता. फाटका झगा, हातात अफूची नळी, पाय कवटीवर, आजूबाजूला उंदीर. मस्तकाभोवतीच्या किरणांवर शब्द कोरलेले : घाण, अनीती, रोगराई, गोऱ्या कामगारांचा सत्यानाश. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ६ मे १८८२ रोजी, राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद करणाऱ्या कायद्यावर सही केली.

चित्रामुळे कायदा झाला, असे म्हणता येणार नाही. १८७३ नंतरची मंदी त्यामागे होती, डेनिस कर्नीच्या वर्किंगमेन्स पार्टीच्या भडक सभा होत्या, आणि पश्चिम किनाऱ्यावरची मते दोन्ही पक्षांना हवी होती. पण १८८०च्या जनगणनेत पाच कोटींच्या त्या देशात चिनी माणसे होती जेमतेम एक लाख पाच हजार, आणि त्यांतली बरीचशी एकट्या कॅलिफोर्नियात. पूर्वेकडच्या बहुसंख्य मतदारांनी चिनी माणूस समोरासमोर कधी पाहिलाच नव्हता. त्यांना ठाऊक होता तो छापलेला चिनी : लांब वेणी, बारीक तिरके डोळे, नखे वाढवलेली बोटे आणि सगळ्यांना मिळून एकच नाव, ‘जॉन’.

‘वास्प’ कोणी काढले, हेही पाहण्यासारखे आहे. १८७६ मध्ये ते सुरू केले कोर्बेल बंधूंनी. ते स्वतः बोहेमियातून आलेले स्थलांतरित. त्यांचा धंदा सिगारच्या खोक्यांचा आणि खोक्यांवर चिकटवायच्या रंगीत लेबलांचा, त्यामुळे रंगीत शिळाछापाचे तंत्र घरचेच होते. सिगार वळण्याचे काम त्या शहरात मोठ्या प्रमाणावर चिनी कामगारांच्या हाती होते. म्हणजे ज्या धंद्यातून साप्ताहिक उभे राहिले, त्याच धंद्यात राबणाऱ्यांना त्यातल्या चित्रांनी राक्षस ठरवले. ३ मार्च १८८२च्या अंकात केलरने अनेक कामे एकदम करणारा अनेक हातांचा चिनी काढला. कोपऱ्यात गोरी तरुण मुले हातावर हात ठेवून उभी. अनेक हात पाहिले की देवाची मूर्ती आठवणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला त्या चित्राचा विखार कळायला क्षणभर थांबावे लागते. कळला की मात्र अंगावर येतो. माणूस कष्टाळू आहे, हाच त्याच्यावरचा आरोप होता.

या सगळ्यात थॉमस नास्ट वेगळा, असे नेहमी सांगितले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. ‘हार्पर्स वीकली’चा हा चित्रकार जर्मनीत जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला. १८६९ मध्ये त्याने अंकल सॅमच्या जेवणाच्या टेबलावर इतर साऱ्या देशांच्या माणसांसोबत चिनी कुटुंबालाही मानाची जागा दिली. १८ फेब्रुवारी १८७१च्या चित्रात तर त्याची कोलंबिया, म्हणजे अमेरिकेची देवता, चालून येणाऱ्या जमावासमोर चिनी माणसाच्या रक्षणासाठी उभी आहे. मागच्या भिंतीवर चिन्यांना दिलेल्या शिव्यांची पत्रके चिकटवलेली. चित्र धाडसाचे आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉस एंजेलिसमध्ये जमावाने एका रात्रीत अठराच्या आसपास चिनी माणसे मारली, हे लक्षात घेतले तर त्याचे मोल आणखी वाढते. तरीही त्या चित्रातल्या चिनी माणसाकडे पाहा. तो खाली बसला आहे, मान खाली, तोंडातून शब्द नाही. बाजू घेणाऱ्यालाही तो असाच दिसला : दया करावी असा, बोलू न शकणारा.

खरे तर तो बोलत होता, आणि इंग्रजीत बोलत होता. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर बिग्लर यांनी चिन्यांना रोखण्याची भाषा केली तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतले व्यापारी नॉर्मन अॅसिंग यांनी १८५२ मध्येच ‘डेली अल्टा कॅलिफोर्निया’त खुले पत्र छापून त्यांना उत्तर दिले होते. वाँग चिन फू यांनी १८८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘चायनीज अमेरिकन’ नावाचे पत्र काढले आणि गावोगाव व्याख्याने दिली. स्वातंत्र्यदेवीच्या चौथऱ्यासाठी चिनी लोकांकडेही वर्गणी मागितली गेली, तेव्हा १८८५ मध्ये साँग बो यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून विचारले की ज्या देशाने आम्हाला दार लावले, त्याच्या स्वातंत्र्याच्या पुतळ्यासाठी आमच्याकडे पैसे मागणे हा आमचा अपमान नाही तर काय? ही पत्रे छापली गेली. पण पत्र लिहिणाऱ्या चिनी माणसाचे चित्र कोणी काढावे, असे एकाही संपादकाला वाटले नाही, निदान ‘जॉन’च्या तोडीने लोकांच्या डोळ्यांत भरेल असे तर नाहीच. त्यामुळे लोकांच्या मनात राहिली ती वेणी. पत्रे विरून गेली.

कॅमेरा आला म्हणून हे बदलले नाही. १० मे १८६९ रोजी युटाहमधल्या प्रॉमन्टरी समिट येथे दोन बाजूंनी आलेले लोहमार्ग जोडले गेले. अँड्र्यू रसेल यांनी टिपलेले दोन इंजिनांचे आणि हस्तांदोलनाचे ते छायाचित्र अमेरिकेतल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. सेंट्रल पॅसिफिकच्या बाजूने सिएरा पर्वत फोडणाऱ्या मजुरांपैकी बहुसंख्य चिनी होते. जून १८६७ मध्ये समान मजुरीसाठी त्यांनी संपही केला होता. त्या प्रसिद्ध चित्रात ओळखू येईल असा एकही चिनी चेहरा नाही. आणि तरी रसेल यांनीच त्याच दिवशी शेवटचा रूळ बसवणाऱ्या चिनी मजुरांचेही छायाचित्र घेतले होते, तर आल्फ्रेड हार्ट यांनी आधीची काही वर्षे सिएरातल्या त्यांच्या छावण्या टिपल्या होत्या. म्हणजे कॅमेऱ्याने पाहिले होते. पुढे कोणते चित्र छापायचे, हे निवडणाऱ्यांनी ते वगळले. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार कॉर्की ली यांना शाळेत असताना पाठ्यपुस्तकातली ही अनुपस्थिती खुपली होती. २०१४ मध्ये त्यांनी मजुरांच्या वंशजांना आणि इतर आशियाई अमेरिकनांना त्याच जागी इंजिनांसमोर उभे करून नवे छायाचित्र घेतले.

ज्यांना स्वतःच्या हातात कॅमेरा मिळाला, त्यांची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मेरी टेप लहानपणी शांघायहून आलेली, सॅन फ्रान्सिस्कोतल्या बायकांच्या मदतसंस्थेच्या आश्रमात वाढलेली. चित्रे काढायची, छायाचित्रे घ्यायची, त्यांच्या काचा स्वतः धुवायची. तिच्या आठ वर्षांच्या मुलीला, मेमीला, १८८४ मध्ये सरकारी शाळेने प्रवेश नाकारला. टेप कुटुंब कोर्टात गेले आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. लगेच शिक्षण मंडळाने चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढली. तेव्हा मेरीने मंडळाला लिहिलेले संतापाचे पत्र १६ एप्रिल १८८५ला ‘अल्टा’त प्रसिद्ध झाले. माझी मुलगी तुमच्या त्या शाळेत कधीही जाणार नाही, हे तिने त्यात ठणकावून सांगितले. टेप कुटुंबाचे त्या सुमाराचे एक छायाचित्र आहे : नीट कपडे, शांत चेहरे, मुले ओळीने. मला ते पाहून त्याच वर्षीचे आपल्या ओळखीचे छायाचित्र आठवते. ऑक्टोबर १८८५ मध्ये फिलाडेल्फियात घेतलेले, आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लाम्बुली यांचे. त्या चित्रात प्रत्येकीखाली तिचे नाव आणि गाव लिहिलेले आहे. त्याआधी जेमतेम पाच-सहा आठवडे, २ सप्टेंबरला, वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी खाणकामगारांना ठार मारले होते. आशियातून आलेल्या एखाद्या विद्यार्थिनीला अमेरिका नाव देऊ शकत होती. रोजगारासाठी आलेल्या माणसाला तिने ते दिले नाही.

नाव दिले ते सरकारी कागदावर, आणि धाक घालण्यासाठी. १८९२च्या गिअरी कायद्याने प्रत्येक चिनी मजुराला रहिवासाचा दाखला जवळ बाळगणे सक्तीचे केले. दाखला नसेल तर अटक आणि हद्दपारी. आपण कायदा होण्याआधीपासून इथे आहोत, हे सिद्ध करायला गोरा साक्षीदार हवा. पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीने दाखल्यावर छायाचित्रही बंधनकारक केले. सबंध देशात दुसऱ्या कोणत्याही समाजाला तेव्हा असे छायाचित्र खिशात घेऊन फिरावे लागत नव्हते. ‘सिक्स कंपनीज’ या चिनी संघटनेच्या हाकेवरून बहुसंख्य लोकांनी आधी नोंदणीच नाकारली. पण मे १८९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि मग रांगा लागल्या. त्या रांगांतली पुष्कळ माणसे स्टुडिओत जाऊन चांगला अंगरखा घालून, ताठ बसून छायाचित्र काढून आली. गुन्हेगाराच्या नोंदीसाठी मागितलेल्या चौकोनात त्यांनी घरी भिंतीवर लावावे असे चित्र दिले. हजारो दाखले आणि चौकशीच्या फायली आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. या माणसांच्या चेहऱ्यांचा यापेक्षा मोठा, नावानिशी ठेवलेला संग्रह माझ्या माहितीत नाही. त्यांतली काही नावेही खोटी आहेत, कारण कायद्याला चुकवून आत येण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता.

आता आर्नोल्ड गेंथे. जुन्या चायनाटाउनची जी देखणी छायाचित्रे आपण पुस्तकांत, कॅलेंडरांवर, माहितीपटांत पाहतो, ती बहुतेक याची. बर्लिनमध्ये जन्मलेला हा विद्वान १८९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि लहानसा कॅमेरा लपवून त्या गल्ल्यांतून हिंडत राहिला. १९०६च्या भूकंपात आणि आगीत ती वस्ती जळाली, त्याचा स्टुडिओही जळाला. पण विल आयर्विन या पत्रकार मित्राच्या आग्रहाने चायनाटाउनच्या निगेटिव्ह आधीच सुरक्षित तिजोरीत हलवल्या होत्या. १९०८ मध्ये दोघांचे पुस्तक आले. त्या वस्तीवर गेंथेचा जीव होता, हे चित्रांतून कळते. पण इतिहासकार जॅक चेन यांनी १९८४ मध्ये मूळ निगेटिव्ह आणि छापील चित्रे शेजारी ठेवली तेव्हा दिसले की गेंथेने गोरी माणसे कातरून वा खरवडून काढली आहेत, इंग्रजी पाट्या पुसल्या आहेत. ज्या रस्त्यावर गोरी आणि चिनी माणसे खांद्याला खांदा लावून चालत होती, तो रस्ता चित्रात कँटनचा झाला. केलरने द्वेषाने जे केले, तेच गेंथेने प्रेमाने केले : हे लोक इथले नाहीत.

याचा परिणाम कागदावर थांबला नाही. आगीनंतर शहराच्या पुढाऱ्यांनी चिनी वस्ती दूर हंटर्स पॉइंटला हलवण्याचा घाट घातला. ती जागची हलली नाही, यामागे चिनी व्यापाऱ्यांचा चिवटपणा होता. पण त्यांना एक किंमतही द्यावी लागली. लुक टिन इली या व्यापाऱ्याने गोऱ्या वास्तुविशारदाकडून वळलेल्या छपरांच्या, पॅगोडासारख्या दिसणाऱ्या इमारती बांधून घेतल्या, कारण गोऱ्या पर्यटकाला हवे तसे चायनाटाउन दिसले तर ती वस्ती कोणी उठवणार नाही. हा माणूस कॅलिफोर्नियातच जन्मलेला. १८८४ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, चीनहून परतताना त्याला बंदरात अडवले गेले आणि तो इथला नागरिक आहे, हे कोर्टाला सांगावे लागले. जन्माने अमेरिकन असलेल्या माणसाला आपल्या गल्लीत राहता यावे म्हणून ती गल्ली परदेशी दाखवावी लागली. गेंथेची चित्रे पाहताना मला हा माणूस विसरता येत नाही.

गेंथेच्या निगेटिव्ह आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि संगणकावर कोणालाही पाहता येतात. तरीही कातरलेली आवृत्तीच ‘जुने चायनाटाउन असे होते’ अशा ओळीसह पुन्हा पुन्हा छापली जाते. हे थांबले पाहिजे. जे संपादक आणि पाठ्यपुस्तककार ही चित्रे वापरतात, त्यांनी मूळ, पूर्ण चित्र छापावे : कडेला हॅट घातलेला गोरा माणूस, दुकानावरची इंग्रजी पाटी, सगळे ठेवून. कातरलेलेच छापायचे असेल तर कोणी कातरले, हे खाली लिहावे. आणि केलरचे चित्र धड्यात घ्यायचे असेल तर समोरच्या पानावर मेरी टेपचे पत्र छापावे.