सभागृहाचे भाडे आणि अनामतीची अडचण
ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह शतकभर कामगार रंगभूमीचा आणि कोकणी नमन-दशावताराचा हक्काचा आसरा होते. २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा गिरणगावातील हौशी मंडळांपुढे जागेबरोबरच परवडणाऱ्या भाड्याचाही प्रश्न उभा राहिला. सार्वजनिक सभागृहाने वीज, सफाई, रखवालदारी हा चालू खर्च वसूल करावा हे रास्तच. परंतु लग्नाचा स्वागतसमारंभ, कंपनीची विक्रीसभा आणि विनातिकीट एकांकिका यांना एकच दर लावणे अन्यायाचे आहे, कारण पहिल्या दोहोंच्या पूर्ण भाड्यातूनच तिसऱ्याची सवलत निघू शकते. त्याहून दुर्लक्षित बाब अनामतीची: कार्यक्रमानंतर परत मिळणारी ही तारण रक्कम आधीच भरावी लागत असल्याने, निम्मे भाडे माफ होऊनही एखाद्या भजनी मंडळाला किंवा महिला बचत गटाला सभागृह आवाक्याबाहेरचेच राहते. म्हणून सवलत अनामतीलाही लागू व्हावी, आठवड्याच्या मधल्या दिवसांतील रिकामी दुपार तालमींना नाममात्र दरात मिळावी, आणि सवलत कोणाला, किती व कोणत्या नियमाने दिली याचा तक्ता दर्शनी भागात लावावा, जेणेकरून ती कोणाच्या शिफारसपत्रावर अवलंबून राहणार नाही.