राणीछाप रुपयाच्या शोधात

काय दोस्तांनो, साठवलेल्या खाऊच्या पैशांचं काय करायचं ठरवलंय? "नाण्यांच्या प्रदर्शनात जाऊन चांदीचा रुपया घ्यायचाय, पण फसगत होऊ नये म्हणून काय बघायचं?" असं तुमच्यापैकी काही जणांनी विचारलंय. प्रश्न एकदम खणखणीत आहे! तेव्हा आजचं पान त्याच तयारीसाठी.

पुण्यामुंबईत अशी प्रदर्शनं भरतात. मोठ्या हॉलमध्ये ओळीनं टेबलं मांडलेली असतात. कुणाकडे अल्बम, कुणाकडे काचेच्या पेट्या, तर कुणाकडे नाण्यांचा चक्क ढीग! ते बघून खिशातली नोट लगेच चुळबुळ करू लागते. पण पहिल्या फेरीत काही म्हणजे काही घ्यायचं नाही. नुसतं बघायचं, भाव विचारायचा आणि वहीत टिपून ठेवायचा. एकसारखा दिसणारा रुपया तीन टेबलांवर तीन भावांना मिळताना दिसेल.

असं का बरं? कारण चांदीच्या जुन्या रुपयाला एक सोडून तीन किमती असतात. पहिली त्याच्यावर छापलेली : एक रुपया. दुसरी त्याच्यातल्या चांदीची. आणि तिसरी संग्राहकाची, म्हणजे ते नाणं किती दुर्मीळ आणि किती सुस्थितीत आहे त्याची. आपण कोणत्या किमतीचे पैसे मोजतोय, हे ज्याला कळलं तो सहसा फसत नाही.

आधी चांदीचं गणित करू. ब्रिटिश अमदानीतला रुपया म्हणजे जुना एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी झाली साधारण १०.७ ग्रॅम. वर्तमानपत्रात चांदीचा किलोचा भाव येतो. त्याला हजारानं भागा, १०.७ नं गुणा, झाली दुसरी किंमत तयार! घरातून निघतानाच हा आकडा वहीत लिहून न्या.

पण थांबा, इथं एक गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चांदीची चणचण भासू लागली आणि १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. उरलेल्या निम्म्यात ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. वजन मात्र तेच, ११.६६ ग्रॅम! राजा तोच, सहावा जॉर्ज. म्हणजे १९३८ चा रुपया आणि १९४४ चा रुपया काट्यावर सारखेच भरतील, पण दुसऱ्यात चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. दोन्हींना एकच भाव सांगितला, तर तुम्ही लगेच ओळखायचं. १९४७ साली तर रुपया निकेलचाच झाला. त्याच्या मागच्या बाजूला वाघ आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदी चिकटत नाही. म्हणून खिशात एक छोटं लोहचुंबक असू द्या.

आता तिसरी किंमत. पुष्कळांना वाटतं, जितकं जुनं तितकं महाग. तसं मुळीच नाही! १८६२ साल छापलेला राणी व्हिक्टोरियाचा रुपया घ्या. तो पुढं १८७४ पर्यंत त्याच सालाचे आकडे घालून पाडला जात होता. त्यामुळे तो भरपूर सापडतो. उलट १९३९ चा रुपया त्याच्याहून कितीतरी तरुण, पण अतिशय दुर्मीळ. १९११ च्या रुपयाची तर गोष्टच आहे. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर एक बारीकसा हत्ती कोरला होता. त्याची सोंड इतकी आखूड दिसली, की लोकांना तो डुक्करच वाटला! लोक नाराज झाले आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून घ्यावा लागला. संग्राहक आजही त्या रुपयाला 'डुक्कर रुपया' म्हणतात.

जिथं दुर्मीळ नाणं, तिथं नकली नाणं आलंच. सालाचा आकडा कोरून बदललेली नाणीही असतात. म्हणून भिंगातून सालाचा शेवटचा आकडा नीट बघा. साच्यात ओतलेल्या नकली नाण्यावर बारीक भोकं दिसतात, कडेवर सांध्याची रेघ दिसते आणि अक्षरं बोथट वाटतात. वापरून झिजलेलं नाणं वजनाला किंचित कमी भरेल, पण एक-दोन ग्रॅमचा फरक पडला तर ते मुकाट्यानं परत ठेवा. कडी लावून कधीकाळी माळेत ओवलेला रुपयाही दिसेल. कडी काढली तरी खूण राहतेच. अशा नाण्याला चांदीची किंमत द्या, संग्राहकाची नको.

नाणं उचलण्याआधी "काका, हातात घेऊन बघू का?" असं विचारायचं. दोन बोटांनी कडेला धरायचं. आवाज ऐकण्यासाठी टेबलावर आपटायचं नाही. "काका, वजन करून दाखवता का?" असं विचारायला लाजू नका. जाणकार विक्रेते अशा मुलांवर खूशच होतात. कुणी वजन करू देत नसेल, तर पुढच्या टेबलावर चला. मोठं माणूस बरोबर असू द्या आणि पावती मागून घ्या.

हॉलबाहेर कुणी हळूच म्हणालं, "शेतात हंडा सापडलाय, स्वस्तात देतो", तर तिथून सटका. जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाची खबर सरकारला द्यावी लागते. तसा कायदा १८७८ पासून आहे.

घरी आणलेलं नाणं चिंचेनं किंवा राखेनं चकचकीत करू नका हं! नाण्यावर काळानं चढलेली काळसर झाक संग्राहकांना आवडते. घासलं की बारीक ओरखडे पडतात आणि तिसरी किंमत धाडकन खाली येते.

आणि प्रदर्शन लांब असेल तर? आजीला विचारा. लक्ष्मीपूजनाला चांदीचा रुपया पुजण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. तो हळूच मागा आणि साल वाचा. व्हिक्टोरियाच्या नावापुढं 'क्वीन' असेल तर तो १८७६ पर्यंतचा, 'एम्प्रेस' असेल तर १८७७ नंतरचा. चांदीचा भाव वाढला, की असे कितीतरी रुपये वजनावर विकले जाऊन सोनाराच्या मुशीत वितळतात. त्यात एखादा दुर्मीळही असतो आणि कुणी साल वाचलेलंच नसतं! तुमच्या घरात ते वाचणारं कुणीतरी आहे, हे आजीला जरूर सांगा.

काय सापडलं ते पत्रानं कळवा. कागद नाण्यावर ठेवून पेन्सिलीनं हलकेच घासला, की सुरेख ठसा उमटतो. तो पाठवा, नाणं मात्र घरीच ठेवा!