एकच विष, दोन न्याय

युरोपने जगास शाश्वत विकासाचे धडे द्यावेत. आमची हरकत नाही. मात्र पहिला धडा स्वतःच्या कारखान्यांना द्यावा. पॅराक्वाट हे तणनाशक युरोपीय संघाच्या शेतांतून २००७ साली हद्दपार झाले. भारतात त्यानंतरही ते विकले गेले. वर्ज्य रसायनांची निर्यात थांबवू, असे युरोपीय आयोगाने २०२० मध्ये लिहून दिले. फ्रान्सचा तसा कायदा २०२२ पासून लागू झाला; त्यातही तयार औषध अडले, मूळ द्रव्य सुटले!

गुलबर्ग्याच्या (आता कलबुर्गी म्हणायचे) तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. ती युरोपात न्यायची तर दाण्यावरील अवशेष काटेकोर मोजला जाईल. आळंद-भालकीच्या काळ्या रानात पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्याच्या अंगावर किती उडाले, ते मोजावयास ब्रुसेल्सहून कोणी येत नाही.