दुरुस्ती की रंगसफेदी?

जुन्या वस्तू 'पूर्ववत' करण्याची एक टूम निघाली आहे, आणि तिला जीर्णोद्धार असे भारदस्त नाव देऊन आपण सारे टाळ्या पिटत आहोत. आमचे भांडण या टाळ्यांशी आहे. निमित्त एका कॅमेऱ्याचे. पण तेवढ्यावरून मराठीच्या विद्यार्थ्यांनी हा विषय आपला नव्हे असे समजू नये.

पेण तालुक्यातील हमरापूर हे गणेशमूर्तींचे गाव. तेथे आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरचा गणपतीचा कारखाना आहे. त्याच्या वडिलांकडे 'याशिका इलेक्ट्रो 35' हा जपानी रेंजफाइंडर कॅमेरा होता. आखातात नोकरीस असलेल्या मेहुण्याने आणून दिलेला. दरवर्षी नव्या साच्यातली पहिली मूर्ती रंगवून झाली की वडील तिचे छायाचित्र काढीत, आणि मुंबई-ठाण्याचे व्यापारी त्या अल्बमवरून मागणी नोंदवीत. रंगाच्या हातानेच कॅमेरा उचलायचा हा त्यांचा खाक्या. त्यामुळे शटरच्या बटणाशेजारी सोनेरी रंगाचा एक ठसा कायमचा बसला होता, आणि तळाच्या पत्र्यावर सुईने कोरलेले त्यांचे नाव होते.

वडील गेल्यावर मुलाने तो कॅमेरा शहरातील एका दुकानात 'रिस्टोअर' करायला दिला. परत आला तो तांबड्या चामड्यात मढवून, आरशासारखा लखलखीत. ठसा गेला होता. नावही घासून गेले होते. आणि भिंगापुढच्या मूर्तीवर कॅमेरा रोखला तर दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसत नव्हत्या!

हा शेवटचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. रेंजफाइंडर कॅमेऱ्याला दोन डोळे असतात. दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा आतल्या अर्धपारदर्शक आरशावर एकत्र येतात. भिंग फिरवीत त्या दोन्ही जुळवल्या की अंतर साधले. वयोमानाने आरशाचा मुलामा विरतो, धक्क्याने त्याची जागा हलते, आणि डोळा तिरळा होतो. तो सरळ करणे ही खरी दुरुस्ती. मूर्तिकार ज्याला डोळ्यांची आखणी म्हणतात, तितकेच ते नाजूक काम आहे. शिवाय या विशिष्ट कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवताना 'टक्' असा एक आवाज यायला हवा. आतली रबराची इवलीशी गादी कुजली की तो बंद होतो आणि प्रकाशाचे गणित चुकू लागते. झाकणाच्या खाचेतला फोम चिकट डांबरासारखा होतो. तो खरवडून काढून तेथे काळी लोकर बसवता येते. कोकणच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. ती वेळीच पुसली नाही तर काचेवरचा लेप खाते. मूळचा 5.6 व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. 6 व्होल्टचा अल्कलाइन सेल जोडतुकडा लावून चालवावा लागतो. यांपैकी एकही काम बाहेरून दिसत नाही. म्हणूनच दुकानदाराने ते केले नाही. दिसते ते चामडे!

बाजाराला हा रोग जुनाच आहे. लायका कंपनीने 1932 साली आणलेल्या 'लायका टू'ची नक्कल खार्किव येथे 1934 पासून 'फेड' नावाने निघू लागली. पुढे कुणीतरी या 'फेड' आणि 'झोर्की' कॅमेऱ्यांवरची नावे घासून, त्यांवर 'लायका' कोरून, सोन्याचा मुलामा देऊन ते हौशी संग्राहकांच्या गळ्यात बांधले. ते निदान लबाडीने करतात. आपण श्रद्धेने करतो.

आता आमच्या अंगणात येऊ. मराठी शुद्धलेखनाचे नियम 1962 साली ठरले, 1972 साली त्यांत भर पडली. त्यानंतर निघालेल्या किती जुन्या पुस्तकांच्या आवृत्त्यांत मूळचे अनुस्वार गुपचूप काढून टाकले गेले, याची मोजदाद कोणी ठेवली? प्रस्तावनेत त्याविषयी एक ओळही नसते. विद्यार्थी ती गुळगुळीत संहिता वाचून 1890 सालच्या लेखकाच्या शैलीवर प्रबंध लिहितो, आणि आम्ही त्यावर सही करतो. (होय, आम्हीही केली आहे.) याउलट नाथांकडे पाहा. शके 1506, म्हणजे 1584 साली त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि आपण हे केले, अमुक शकात केले, हे ग्रंथाच्या शेवटी स्वच्छ नोंदवून ठेवले. त्यात कुणी आपली ओवी घुसडू नये असेही बजावले. दुरुस्ती करणाऱ्याने हात लावल्याचे सांगावे, एवढीच आमची मागणी आहे. दुकानदाराने जुने चामडे पुडीत बांधून परत दिले असते आणि काय काय बदलले त्याची चिठ्ठी जोडली असती, तर हा लेख आम्ही लिहिला नसता.

आमच्या विद्यार्थ्याला हे सारे पटले नाही. "सर, रंग उडालेली मूर्ती कोण नेईल? नवं दिसलं तरच माणूस हात लावतो," तो म्हणाला. त्याच्या धंद्यात ते खरेच आहे. मूर्ती नवी असावी लागते, कारण तिला विसर्जन आहे. पुढच्या वर्षी दुसरी येणार असते. कॅमेऱ्याला विसर्जन नाही, हे आम्ही त्याला पुन्हा पुन्हा सांगून पाहिले. तो ऐकून घेत होता आणि एका लहान मूर्तीच्या पापण्या ओढत होता.

निघताना त्याने तळाच्या पत्र्यावर वडिलांचे नाव पुन्हा कोरून घेऊ का, असे विचारले. आम्ही तत्काळ नको म्हणालो. ते अक्षर त्यांचे नसेल, ती आणखी एक नक्कल होईल. "मग हा बाबांचा कॅमेरा हे माझ्या मुलाला कळणार कसं?" त्याने ब्रश खाली ठेवून विचारले. चिठ्ठी लिहून ठेव, असे आम्ही म्हणालो खरे. पण कारखान्यातली ती धूळ, ते पाणी, ते ओले हात पाहता चिठ्ठी कुठे ठेवायची, ते आम्हालाही सुचले नाही.