कट्टप्पाचं वतन

सबंध देशानं पावणेदोन वर्षं एकच प्रश्न चघळला. 10 जुलै 2015 ला ‘बाहुबली’चा पहिला भाग आला, 28 एप्रिल 2017 ला दुसरा. मधल्या काळात चहाच्या टपरीवर, लोकलमध्ये, लग्नाच्या मांडवात एकच बोलणं. कट्टप्पानं बाहुबलीला का मारलं? मी म्हणतो, साला दुसरा प्रश्न कुणाच्याच टाळक्यात कसा आला नाही? कट्टप्पा गुलाम का?

पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या पोटात आहे. त्याला राजमातेचा हुकूम झाला, म्हणून त्यानं मारलं. गुलामाला हुकूम मोडता येत नाही. झालं. एवढ्यासाठी दुसऱ्या भागाचं तिकीट काढायची गरज नव्हती.

दोस्तांनो, सिनेमा म्हणजे करमणूक, कशाला डोक्याला ताप, असं तुमच्यातलेच काहीजण म्हणणार. मला माहीत आहे. पण जरा बघा. राजामौलींचं हे साम्राज्य कल्पनेतलं आहे. माहिष्मती नावाची जुनी नगरी नर्मदाकाठी होती, महेश्वर म्हणजेच ती असं पुष्कळ अभ्यासक मानतात. पण पडद्यावरची माहिष्मती इतिहासातली नाही. म्हणजे लिहिणाऱ्याचा हात मोकळा. कल्पनेला जकात नाही. धबधबा हवा तेवढा उंच करा, सोन्याचा पुतळा आभाळाला भिडवा, शत्रूसाठी नवी भाषा तयार करा. हे सगळं त्यांनी केलं. फक्त एक गोष्ट त्यांना कल्पनेतसुद्धा सुचली नाही. जन्मानं मिळालेलं काम झुगारून माणूस उभा राहतो, ही. इतकी मोठी उडी मारली आणि पाय येऊन पडले ते आपल्याच गावच्या वेशीत.

या साम्राज्यातली एकेक जमात घ्या. धबधब्याखाली जंगलातली माणसं राहतात. सांगा नावाची बाई नदीत सापडलेलं राजाचं पोर उचलते, पंचवीस वर्षं वाढवते. पण पोर जंगलाचं होत नाही. त्याचं रक्त त्याला वर खेचतं, वर म्हणजे राजवाड्याकडं. सांगाचं काम दाईचं. तिचं स्वतःचं पोर असं वाढलं असतं तर ते त्या कड्यावर चढलं असतं का? सिनेमा हा प्रश्न विचारूच देत नाही. कुंतल हे लहान राज्य, सभ्य, सुंदर. त्यानं नवरी पुरवायची. आणि कुंतलवर दरोडा घालायला कोण येतं? पिंढारी! आता पिंढारी हे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले, मराठ्यांच्या फौजांच्या मागंपुढं फिरणारे बिनपगारी घोडेस्वार. इंग्रजांनी त्यांचा बंदोबस्त 1817-18 मध्ये केला. काळवेळाचं भान नसलेल्या या गोष्टीत त्यांना आणून बसवलं, कारण ‘लुटारू’ म्हटल्यावर ज्यांची नावं आयती तोंडात येतात त्यात ते बसतात. वर्गवारी तयारच होती.

आता कालकेय. हे नाव महाभारतातून उचललंय. तिथं कालकेय असुर आहेत आणि अर्जुन त्यांचा फडशा पाडतो. सिनेमात त्यांना काळं फासलंय, दात किडके, अंगावर कातडी. त्यांच्यासाठी मदन कार्की यांनी ‘किलिकी’ नावाची भाषा रचली, 750 च्या आसपास शब्दांची, व्याकरणासकट. एवढी मेहनत कशासाठी? शत्रूचं म्हणणं प्रेक्षकाला कळू नये यासाठी. हे लोक राहतात कुठं, खातात काय, त्यांना आया-बहिणी आहेत का, त्यांची जमीन कुणी घेतली होती का, काही नाही. ते काळे आहेत, ओरडतात आणि मरतात. आणि मरताना थेटरात शिट्ट्या पडतात. शिट्टी मारणाऱ्यात आपली पोरं असतात, जी रंगानं कालकेयांच्याच जवळची. अरे, कुणाच्या बाजूनं शिट्टी मारतोस?

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. याच सिनेमाच्या तमिळ संवादात अरुंधतियार जातीला हिणवणारा एक शब्द आला होता. 2015 मध्येच मदुराईत तिथल्या दलित कार्यकर्त्यांनी त्यावर आवाज उठवला आणि संवाद लिहिणाऱ्यानं दिलगिरी व्यक्त केली. कल्पनेतल्या साम्राज्यात शिवी मात्र खऱ्या जातीची सापडली. ती आपसूक आली असंल, मुद्दाम नसंल. आपसूक आली हेच जास्त भयंकर आहे.

पण माझा खरा राग कट्टप्पावर आहे. तो कोण आहे? त्याच्या पूर्वजांनी शब्द दिला की आमचा वंश या सिंहासनाची चाकरी करील. न जन्मलेल्या पोराच्या वतीनं आजोबानं अंगठा उठवला. याला आपल्याकडं काय म्हणतात? वतन. कट्टप्पा वतनदार आहे. राजपुत्र त्याला मामा म्हणतो, आणि प्रेक्षक गहिवरतो. गावचा पाटीलसुद्धा म्हाराला नावानं, नात्यानं हाक मारायचा. हाकेनं भाकरी ताजी होत नव्हती.

आणि ही गोष्ट आपल्यासाठी नवी नाहीच. अमृतनाकाची आख्यायिका म्हाताऱ्यांनी सांगितलेली आठवा. बेदरच्या बादशहाची बेगम सोडवून आणायला तो निघाला. निघताना एक बंद डबी बादशहाच्या हवाली केली. परतल्यावर संशय आला, तेव्हा डबी उघडली. आत त्यानं स्वतःचं पुरुषत्व कापून ठेवलं होतं. इमानाचा पुरावा! त्याबद्दल म्हणे बावन हक्क मिळाले. म्हणजे मेलेली ढोरं, उष्टं, गावची बलुती हे आपल्याला इमानाचं बक्षीस होतं, असं ही गोष्ट सांगते. गुलामगिरी गोड करायची असली की तिला इमानाची गोष्ट लावून देतात. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. वतन जायला 1958 चा कायदा यावा लागला. तीस वर्षं. आणि ते कायद्यातून गेलेलं वतन आता पडद्यावरून परत येतंय, आणि आपण तिकीट काढून ते घेतोय.

त्या सिनेमात एकच माणूस कट्टप्पाला म्हणतो की तुझी सुटका मी करतो. कोण? अस्लम खान, बाहेरच्या मुलखातला शस्त्रांचा व्यापारी. कट्टप्पा नाही म्हणतो. आणि पहिल्या भागाच्या शेवटाकडं तो धन्याच्या पोराचा पाय उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवतो. मागं संगीत चढतं. माझ्या शेजारचा रडत होता. मला मळमळलं.

आमच्या सूतगिरणीत तिसऱ्या पाळीला एक जण आहे. बदली आला नाही तर बोलल्याशिवाय दुसरी पाळीही ओढतो, जादा पैसे मागत नाही. साहेब त्याला कौतुकानं ‘आमचा कट्टप्पा’ म्हणतो. आणि तो खूष होतो! ओव्हरटाइमची पावती मागणाऱ्याला काय नाव ठेवलंय ते इथं छापण्यासारखं नाही.

काही विद्वान सांगतात, गोष्ट तर जुलमाविरुद्धच आहे की. भल्लालदेव वाईट, बाहुबली चांगला, शेवटी चांगल्याचा जय. असंल. पण भांडण दोन चुलत भावांचं आहे, खुर्चीवर कुणी बसावं याचं. खुर्ची काढा असं त्या अख्ख्या साम्राज्यात एकही तोंड म्हणत नाही. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलं होतं. आम्ही ते भाषण जयंतीला वाचतो आणि त्याच जयंतीच्या मिरवणुकीला माहिष्मतीची कमान उभारतो. आमच्या वस्तीतल्या मंडळात यंदा तोच ठराव आलाय. वर्गणीचा आकडा ऐकून मी बसलो ते उठलोच नाही. मी विरोध नोंदवलाय, तुमच्या मंडळात तुम्ही नोंदवा.

जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’त हेच केलं. पुराणातला खलनायक उचलला, त्याला बळीराजा म्हणून उभं केलं, आणि वामनाला जाब विचारला. लोकांना राक्षस म्हणून सांगितलेले ते रक्षण करणारे होते, असं त्यांनी मांडलं. महिष म्हणजे रेडा. ज्याच्या नावाची छाया त्या नगरीवर आहे, तो आपल्याकडं म्हसोबा म्हणून शेताच्या बांधावर शेंदूर लावून बसलाय. त्याची गोष्ट कुणी लिहायची? हैदराबादच्या स्टुडिओतून ती येणार नाही.

म्हणून मागणं एवढंच आहे. कविता पुरे झाल्या असं नाही, माझ्याही येतच राहतील. पण पुढच्या अंकाला कुणीतरी कालकेयांच्या बाजूनं लिहा. त्यांची बाई, त्यांची चूल, माहिष्मतीच्या फौजेनं आधी काय जाळलं ते. किलिकीत नको, आपल्या बोलीत. चार पानं मी राखून ठेवलीत.